जिथी थांबन तिथी काप

नवऱ्याला काही सांगायचं नाही, एवढंच रोशनीनं ठरवलं होतं. ठरवायला फार डोकं लागलं नाही. घरोघरच्या सुना हे रोज ठरवतात आणि संध्याकाळचा भात शिजायच्या आत निभावूनही नेतात. रोशनीला तेवढं जमलं नाही.

तिची सासू बायनाबाई ही जलशात गाणारी बाई. ब्रह्मपुरीच्या आसपासच्या कुठल्याही खेड्यातून बाबासाहेबांची गाणी म्हणायला बोलावणं आलं, की ती हातातली धानाची रोवणी टाकून निघायची. आवाज असा, की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला पत्ता लागायचा नाही. (घरातही तोच आवाज, आणि घर दोन खोल्यांचं. हे मागच्या रांगेला कोणी सांगितलं नव्हतं.) त्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन करू, जीव वाचेल, आवाजाचं मात्र काही सांगता येत नाही.

रोशनीचा नवरा धम्मदीप कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. लोकांच्या लग्नाच्या सीड्या करून द्यायचा. तो म्हणाला, "माय, नागपूरले जाच्या आंधी तुही सारी गाणी भरून ठेवतो. जयंतीले विहारात तुहीच सीडी वाजवू."

त्यानं कॉम्प्युटरला माईक लावला, मायला समोर बसवलं, "कोणी कुठी हात लावाचा नाई" असं बजावलं आणि स्वतः चौकात निघून गेला.

बायनाबाई गाऊ लागली. एक ओळ म्हणायची आणि गप्प राहायची. पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प. कारण जलशात गाणं तसंच म्हणतात. पुढच्या बाईनं ओळ टाकायची, मागच्या बायांनी ती उचलायची, त्याला झील धरणं म्हणतात. झील धरणाऱ्या आता उरल्या कुठं? एक वारली, एक लेकाकडं बल्लारपूरला गेली, आणि शांताबाई म्हणून एक होती तिला ऐकू येईनासं झालं. पण बायनाबाईनं त्यांची जागा सोडली नाही. त्यांची ओळ मनात म्हणून व्हायची, ती मान हलवायची, मग पुढचं.

रोशनीनं दारातून विचारलं, "आई, मी धरू का झील?"

"तू लेकराले धर. थेच जमत नाई तुले."

लेकरू म्हणजे सम्यक, आठ महिन्यांचा. तो नुकता झोपला होता. आजीच्या पहिल्याच तानेला उठला, दुसरीला रडू लागला, तशी रोशनी त्याला उचलून पार अंगणापलीकडं घेऊन गेली आणि गाणी संपेपर्यंत फिरवत राहिली. शेवटी बायनाबाई पदर सावरून शेजारी लटारूच्या घरी ऑपरेशनचं सांगायला गेली. मागं रोशनी आत येऊन त्याच खोलीत लेकराला मांडीवर घेऊन हलवत बसली आणि हलवता हलवता बोलू लागली. सासूबद्दलच. लेकराशी बोललेलं कुठं जातं? तिच्या हिशेबानं ती दोनच शब्द बोलली. त्यातला शेवटचा तेवढा जड होता: "एकदाचा हा गळा बंद झाला तं माह्यं लेकरू झोपन तरी."

बोलून तिनं मान वर केली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ तिच्या शब्दाशब्दाला उडत होती.

रोशनीनं तोंड मिटलं. रेघ आडवी झाली. "ओ माय," ती म्हणाली. रेघ पुन्हा उडाली.

ऑपरेशन झालं. बायनाबाई गळ्याला पट्टी बांधून घरी आली आणि हातवाऱ्यांनी बोलू लागली. आता ते दोन शब्द दोन शब्द राहिले नाहीत. तांदूळ निवडताना, लेकराला न्हाऊ घालताना रोशनीच्या कानात ती रेघ उडत राहायची. सासूनं हे ऐकलं तर? पण नवऱ्याला "तेवढं काढा" म्हणायचं तर त्याला ते आधी ऐकवावं लागणार. म्हणून ती गप्प बसली, आणि धम्मदीप काम पुढं पुढं ढकलत गेला. अखेर जयंतीच्या सकाळी पांढरा सदरा घालून तो कॉम्प्युटरपुढं बसला.

"अवो, सारं ऐकून ऐकून कापता का?" रोशनीनं चहा ठेवत विचारलं.

"ऐकून? कायले? ऐकतच बसाचं तं कॉम्प्युटर कायले घेतला?" त्यानं पडदा काळाकुट्ट केला. "हे पाय. माऊसनं तं कोणीही करते. इथी हुकूम लिहाचा. जिथी आवाज थांबन तिथी काप. गाणं सरलं का माय थांबते, थांबली का काप. एक गाणं, एक ट्रॅक."

"आन मधात कोणी खोकललं, भांडं पडलं... कोणी काई बोललं?"

"त्याचे बारके बारके तुकडे होतेत."

"मंग ते बारके तुकडे काऊन ठेवता? टाकून द्या ना."

धम्मदीपनं वळून बायकोकडं पाहिलं. लग्न झाल्यापासून असं त्यानं पाहिलं नव्हतं. "सातवी शिकून डोकं बरं चालते बाप्पा तुहं!" आणि त्यानं हुकुमात जोडलं: मिनिटापेक्षा लहान असेल ते पुसून टाक.

रोशनीला धीर आला. (धीर आलेली बाई फार धोक्याची.) "आन ती मोठी फाईल, आख्खी भरलेली?"

"थे राहू दे की."

"जागा कुठी हाये? काल तं बोंबलत होते, कॉम्प्युटर भरला म्हणून."

"हेही खरं हाये." मोठीही पुसून टाक, असं त्यानं लिहिलं आणि बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं वारूळ फुटल्यागत धावली. धावून थांबली. शेवटी फाईल उरली एक.

"एकच?" रोशनी म्हणाली.

"कापलंच नाई वाटते," धम्मदीप डोकं खाजवत म्हणाला. "सारी गाणी एकातच रायली. असू दे, तशीच वाजवू."

"सारं? बोलणंचालणं सारं?"

"सारं." त्यानं सीडी आत घातली आणि तो भांग पाडायला आरशापुढं गेला. फाईल केवढी आहे हे बघायचं त्याला सुचलं नाही. सीडी बाहेर आली आणि लाईट गेली. लोडशेडिंग.

आता काय करावं? रोशनीनं सीडी उचलली आणि सम्यकच्या हातात दिली. हा पोरगा चपलेपासून चमच्यापर्यंत काहीही चावून टाकायचा, रबराच्या बाहुलीचा त्यानं एकही पाय शिल्लक ठेवला नव्हता. त्यानं सीडी चाटली, उन्हात धरली, तिच्यात स्वतःचं तोंड पाहिलं आणि रांगत जाऊन ती आजीच्या मांडीवर नेऊन ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एखादी वस्तू जिथं द्यायची तिथं दिली. बायनाबाईनं पदरानं ती हळूच पुसली आणि छातीशी धरली.

विहारात जनरेटर लावला होता. बायनाबाई पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसली. तिच्या मागं बहिरी शांताबाई टाळी धरून, झील उचलायच्या तयारीत. कमिटीचे बापूराव माईकवर म्हणाले, "आपल्या बायनाबाई आज बोलू शकत नाईत, पन त्याइचा आवाज आपल्यासंगं हाये!" टाळ्या पडल्या. रोशनी सम्यकला काखेत घेऊन दाराजवळ उभी होती. पळायचं तर आत्ताच, असं तिच्या मनात आलं, पण पळून जायचं कुठं? भोंगे तर चारी दिशांना होते.

धम्मदीपनं बटण दाबलं.

"उठला ना रे माह्या राजा, उठला ना! उठन नाई तं काय करन, तुही आजी कोंबड्याच्या आंधी तान घेते, आन वरून मलेच म्हणते लेकरू काऊन वाळलं, झोपलं तं वाढन ना वो, आन मी गुटी उगाळली तं म्हणे जास्त झाली, नाई उगाळली तं म्हणे मायले कळत नाई, आन लटारूच्या घरी जाऊन सांगते सून सातवी शिकली, सातवी तं सातवी, तुमी कोन्ती शाळा पाह्यली, आन भाजीत मीठ कमी म्हणून सांगतेत आन पोराच्या ताटात सोताच मूठभर टाकतेत..."

बायांनी तोंडाला पदर लावले. धम्मदीप बटणाकडं धावला, तर बायनाबाईनं त्याचा हात धरला. राहू दे, अशी मान हलवली. तिला वाटत होतं, हे सरलं की तिचं गाणं येईल. म्हणून ती ऐकत राहिली आणि तिच्यासाठी सगळा वॉर्डही ऐकत राहिला. बोलणं सरेना. त्यात कुठं श्वास नव्हता, कुठं खोकला नव्हता. रोशनीचे दोन शब्द चहा उकळून गार होईस्तोवर चालले. मग तो शेवटचा आला, गळ्याचा. चारी भोंग्यांवर.

मग खरखर. मग काहीच नाही. बायनाबाईनं धम्मदीपचा हात सोडला नव्हता. ती अजून भोंग्याकडं पाहत होती.

एवढ्या शांततेत शांताबाईची टाळी तेवढी चालू होती. तिनं पुढं वाकून विचारलं, "वो बायना, माह्यी पाळी कवा येते?"

घरी येताच धम्मदीप सदराही न उतरवता आत गेला. कॉम्प्युटर उघडून बसला तेव्हा त्याला उमगलं. "माय ओळीओळीले थांबली ना. झीलवाल्याइसाठी. एकेका ओळीचा तुकडा झाला, एकही मिनिटभराचा नाई. सारी पुसल्या गेली." मग तो बायकोकडं वळला. त्याच्या आवाजात राग कमी आणि नवल जास्त होतं. "आन तू... तू तं थांबलीच नाई वो."

रोशनी सासूपुढं जाऊन बसली. "आई, माह्यं चुकलं. दोन थापडा मारा, पन असं नका पाहू." बायनाबाईनं मारलं नाही. तिनं रोशनीच्या मांडीवरचं लेकरू तेवढं उचलून आपल्याकडं घेतलं.

डॉक्टर बोलला तसंच झालं. जीव वाचला. आवाज आला नाही.

आता घर एवढं शांत, की चुलीवरचं आधण ऐकू यावं. आणि सम्यक झोपेना. आठ महिने ज्या आवाजानं उठला, त्याच आवाजावर तो झोपतही होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दुपार झाली की रडायचा, काळानिळा व्हायचा. रोशनीनं थोपटलं, फिरवलं, गुणगुणून पाहिलं. तो तिच्या तोंडावर हात ठेवायचा. एका दुपारी बायनाबाईनं त्याला मांडीवर घेतलं, घरात होती ती एकुलती एक सीडी लावली आणि मुलगा पाहता पाहता झोपला.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं उरकली की बायनाबाई बटण दाबते. रोशनी मोरीवर भांडी घासत असते आणि खोलीतून तिचाच आवाज येत राहतो. गुटी, सातवी, मीठ, ओळीनं सगळं. परवा तिला राहवलं नाही. गळ्याचं वाक्य जवळ आलं तशी ती राखेचे हात घेऊन दारात आली आणि रडवेली होऊन म्हणाली, "आई, बंद करा ना वो ते आता."

बायनाबाईनं वर पाहिलं, मांडीवरच्या लेकराकडं डोळ्यानं दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. चूप. उठन ना.