खासदारबाईंच्या नवऱ्याचा रविवार

वर्तमानपत्रातली मुलगी दुकानात आली तेव्हा शिंपी मास्तरांनी "बाई संध्याकाळी भेटतील" एवढंच सांगून पुन्हा मशीनवर बसायला हवं होतं. पण बायको खासदार झाल्यापासून मास्तरांचं मत कुणी विचारतच नसे (पँटची उंची सोडून). त्यामुळे ते म्हणाले, "बसा की. मी आहे ना!"

"बाई राजकारणात आल्या कशा?" मुलीने विचारलं.

"या कोपऱ्यात बसून ती काजं करायची. मापं द्यायला आलेल्या बायका तिला गाऱ्हाणी सांगायच्या. नळाला पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही. ही हातातली सुई खोचून उठायची आणि कचेरीत जाऊन भांडून यायची. बायकांना कपडे वेळेवर मिळाले नाहीत, पण पाणी आलं. मग त्यांनीच तिला निवडून दिलं."

"पक्षाच्या विरोधात कधी मत दिलंय?"

"एकदा. औषधं महाग होणार होती तेव्हा. घरी मात्र ती कायम माझ्याच विरोधात. आई तिच्या बाजूला. दोन विरुद्ध एक."

"हजेरी?"

"संसदेत चांगली आहे म्हणतात. घरची विचारू नका."

मुलगी हसली. मास्तरांना चेव चढला. तेवढ्यात तिने बाईंच्या विधेयकाचं विचारलं.

घरात रांधणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी, असं ते विधेयक होतं. बाईंनी ते स्वतःच मांडलं होतं, पाठीशी सरकार नव्हतं. अशा विधेयकांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याची निघेल त्याचीच चर्चा होते. बाईंची चिठ्ठी दोन वर्षांनी निघाली होती, आणि येत्या शुक्रवारी चर्चा होती.

"मग तुमच्या घरी आहे का ही सुट्टी?"

मास्तरांनी जन्मात पाणीसुद्धा उकळलं नव्हतं. पण बायकोच्या विधेयकाची लाज आता त्यांच्या हातात होती.

"म्हणजे काय! दर रविवारी स्वयंपाक माझ्याकडे."

"अय्या, किती छान! मग परवा रविवारी फोटो काढायलाच येते."

संध्याकाळी बाईंनी हे ऐकलं आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, काय करून ठेवलंत! विरोधक टपून बसलेत. जिच्या घरात जमत नाही ती देशाला काय शिकवणार, म्हणतील. दोन वर्षं गेली हो माझी त्या चिठ्ठीपायी!"

"आई, तू आधीच करून ठेव ना गुपचूप. मी नुसतं ढवळतो," मास्तर आईला म्हणाले.

"मी तटस्थ," आई म्हणाली. हा शब्द ती सुनेकडून शिकली होती आणि सोयीने वापरायची.

रविवारी मुलगी फोटोग्राफरला घेऊन थेट स्वयंपाकघरात हजर. मास्तरांनी सवयीने गळ्यात टेप अडकवली आणि बटाटा हातात घेतला. इतकी वर्षं कापड बेतताना शिलाईला जागा सोडायचा हात बसलेला. त्यांनी बटाट्याची सालही अर्धा इंच मार्जिन ठेवूनच काढली. बटाटा कोटाच्या बटणाएवढा उरला. बीन्स त्यांनी कात्रीने कापल्या. सगळ्या अगदी एका मापाच्या.

"वा मास्तर! आता मीठ घाला."

मास्तरांनी एक डबा उघडला, दुसरा उघडला. तिसऱ्यातली पांढरी पूड जिभेवर ठेवली. तो खायचा सोडा होता.

"आई, नुसती खूण तरी कर गं!"

"तटस्थ माणसाने खुणा करायच्या नसतात रे."

मुलगी बाईंकडे वळली. "बाई, हे खरंच दर रविवारी...?"

बाईंनी तोंड उघडलं. मास्तरांनी ते पाहिलं आणि हातातला डबा खाली ठेवला.

"तिला नका विचारू," ते म्हणाले. "मी थाप मारली. आजच पहिल्यांदा या खोलीत शिरलोय. तिने आजवर मनाविरुद्ध एक मत दिलं नाही. माझ्यापायी खोटं कशाला बोलेल?"

बटणाएवढ्या बटाट्याचा फोटो पहिल्या पानावर आला.

शुक्रवारी तो फडकावत एक विरोधी सदस्य उठला. "आधी स्वतःचं घर बघा, बाई!"

बाई शांतपणे उभ्या राहिल्या. "तेच बघून आले. माझे पती भले गृहस्थ आहेत. पण मीठ कुठे असतं ते त्यांना ठाऊक नाही. कारण तशी वेळच आम्ही त्यांच्यावर कधी येऊ दिली नाही. इथे ज्यांना आपल्या घरातलं मीठ ठाऊक आहे, त्यांनी हात वर करावेत."

फोटो फडकावणारा हात पहिला खाली आला. विधेयक फेटाळलं गेलं नाही, समितीकडे गेलं. बाईंच्या मते हीसुद्धा मोठी मजल होती.

मास्तर मात्र फुलून गेले. देशाच्या सभागृहात आपला विषय निघाला! कामकाजाचा छापील वृत्तान्त घरी आला तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांना थांबवून घेतलं, चष्मा पुसला आणि पानांवरून बोट फिरवलं.

"माझं नाव कुठाय गं?"

"नाव कसं येईल? 'माझे पती' म्हणाले मी."

"बरं. पण त्यापुढे अध्यक्षांनी, सदस्यांनी, कुणीतरी माझ्याबद्दल काही नोंदवलं असेलच की!"

"नोंदवलंय ना," बाई म्हणाल्या आणि त्यांचं बोट धरून मिठाच्या ओळीच्या शेवटी टेकवलं. तिथे कंसात एकच शब्द होता.

(हशा.)