जुनेपणाची डागडुजी

कोणतीही इमारत वयाने जुनी होत नाही. समितीने तसा ठराव केल्यावर होते. बाजारपेठेतल्या त्या तीनमजली व्यापारी इमारतीला हे भाग्य जरा उशिराच लाभले. तोवर ती नुसतीच गळत होती.

इमारतीचा इतिहास उज्ज्वल आहे. आधी तिथे कापसाच्या व्यापाऱ्याची कचेरी होती, मग विमा कंपनी, मग बुडालेली विमा कंपनी, मग टंकलेखनाचा वर्ग आणि शेवटी कुलपे. (कुलपे सर्वांत जास्त टिकली.) या साऱ्यांना पुरून उरला तो जिन्याखालचा शिंपी. खोली एवढीशी, की गिऱ्हाइकाला दारात उभे करूनच माप घ्यावे लागे. वडिलांमागे त्याने त्यांचेच शिवणयंत्र चालवले आणि अर्ध्या पेठेच्या विजारी पोटाप्रमाणे सैल करून दिल्या.

जुनी इमारत जतन करायला समिती आली तेव्हा शिंपी हरखला. गळती थांबणार म्हणजे कापडावरचे डाग थांबणार, असा त्याचा सरळ विचार. दुरुस्तीपुरते बाहेर पडा, काम झाले की याच जागेत परत या, असे अध्यक्षांनी त्याला चारचौघांत सांगितले.

"अहो, तोंडीच सांगितलंय ना?" बायको म्हणाली. "मग यंत्रासाठी घरात कायमची जागा करू या."

काम शास्त्रशुद्ध झाले. प्रथम इमारतीवरचा सगळा जुनेपणा घासून काढण्यात आला. पायऱ्यांचे खळगे बुजवले, काळवंडलेला कठडा तासून पांढरा केला. इमारत कालपरवा बांधल्यासारखी दिसू लागली. समितीने तातडीने जुनेपणाचे तज्ज्ञ बोलावले. त्यांनी पायऱ्यांना मापात खळगे पाडले, कठड्याला चहाचे पाणी चोपडले आणि दर्शनी भिंतीला एक तडा दिला. (तडा उत्तम आहे. फक्त दरवर्षी रंगवावा लागतो.)

शिंपी यंत्र घेऊन परतला, तेव्हा अध्यक्षांनी त्याला खुर्ची देऊन समजावले. मूळ नकाशात जिन्याखाली छत्र्या ठेवायची खोली आहे. शिंपी कुठेच नाही.

"साहेब, माझा जन्म व्हायच्या आधीपासून आम्ही इथं आहोत."

"असाल हो. पण इमारत जुनी आहे," अध्यक्ष मायेने म्हणाले. "तुम्ही नुसते वापरलेले आहात."

शिंप्याला ते फार लागले. कितीतरी दिवस त्याला घास गोड लागला नाही.

पुढे इमारत तिकीट लावून लोकांना खुली झाली आणि पाहणीत असे आढळले, की छत्र्यांची खोली बघायला कुणी थांबत नाही. दहातल्या नऊ जणांनी तिथे एखादा जुना शिंपी असावा, असे मत दिले. (दहावा छत्र्या विकतो.) समितीने ठराव फिरवला. आधी शिंप्याचा पुतळा घडवून घ्यायचे ठरले होते, पण शिंपी स्वस्त पडला.

अशा रीतीने तो पगारावर आपल्याच जागेत बसला. नियम थोडेच आहेत. हादऱ्याने तडा बिघडतो, म्हणून यंत्र चालवायचे नाही. सुईत दोरा ओवायचा, टाका घालायचा नाही. प्रेक्षकांशी बोलायचे नाही. त्याने जुना काळ भंगतो.

जागा मिळाली ना एकदाची, असे बायकोने विचारले.

"मिळाली," शिंपी म्हणाला. "काम सोडून सगळं मिळालं."

परवा सुटीच्या दिवशी तुम्हीही ती इमारत बघायला गेला होतात. जिन्याखाली थांबून फोटो काढलात आणि "अगदी खरा वाटतो हो," असे सोबतच्यांना म्हणालात. तेव्हा तुमच्या शर्टाचे वरून दुसरे बटण एका धाग्यावर लोंबत होते. शिंप्याने ते पाहिले. दोरा ओवलेलाच होता. हात आपोआप उठला. पहारेकरी खाकरला, तशी त्याने तो पुन्हा मांडीवर ठेवला. बटण दारातच गळून पडले.

काळजी नसावी, ते सुखरूप आहे. 'तत्कालीन गिऱ्हाइकाचे बटण' अशा पाटीखाली ते काचेच्या पेटीत ठेवले आहे. तिकीट काढून तुम्हालाही पाहता येईल. हात मात्र लावू नये.