आमच्या पंथाची सुरुवात कुणी केली

तुमचा विश्वास बसणार नाही, पण स्वतःच्याच कराटे पंथाचा संस्थापक होता होता राहिलेला माणूस सबंध ओकिनावात एकच, आणि तो तुमच्यासमोर बसून चहा पितोय!

आमच्या तरुणपणी पंथबिंथ काही नव्हतं. शुरी गावात शिकलात तर शुरीचा हात, नाहा गावात शिकलात तर नाहाचा हात. कराटेला नुसतं 'हात' म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळायचं. मी पहाटे बायकोबरोबर तोफू करायचो आणि उन्हं चढली की मागच्या अंगणात अकरा जणांना हात शिकवायचो.

मग जपानच्या मुख्य भूमीवरच्या कुठल्याशा कचेरीनं फर्मान काढलं. प्रत्येक पंथाला नाव हवं, संस्थापक हवा, तरच नाहाच्या मोठ्या प्रात्यक्षिकात जागा! शिवाय संस्थापकांची नावं लाकडी फळीवर कोरून लावणार, कायमची. त्या फळीवर 'इरेई, संस्थापक' अशी अक्षरं मला झोपेतसुद्धा दिसू लागली.

पलीकडच्या गल्लीतल्या तामानाहानं आपली नोंद आधीच उरकली होती. तो म्हणे चीनमध्ये सात वर्षं एका बगळ्याकडे बघत बसला आणि त्यातून त्याला पंथ सुचला. अहो, हा चीनला गेला होता चहाची खोकी उतरवायला!

मग मीही एक हकिगत रचली. फुटलेलं जहाज, किनाऱ्याला लागलेला चिनी खलाशी, गुहा, वाघ. आमच्या बेटावर वाघ नाही, पण कचेरीला काय कळतंय? रोज डुकरांपुढे तालीम करायचो. डुकरं अगदी भारावून जायची.

नोंद घ्यायला कचेरीचे कारकून तानेदासाहेब अंगणात शिरले तेव्हा माझ्या डोक्यावर अख्खा तोफू फुटलेला होता, आणि समोर माझी बायको नाबे रिकामी पाटी घेऊन उभी होती.

साहेबांनी वही उघडली. "सुरुवात कुणी केली?"

आता तुम्हीच सांगा, डोळ्यांत तोफू गेलेल्या माणसाला काय वाटेल?

"हिनं!" मी ओरडलो. "साहेब, हिनंच!"

"बाईंनी?" साहेबांचा टाक थबकला. "कधी?"

"लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी!"

"या कुणाकडून शिकल्या?"

"आईकडून! ती तर हिच्याहून भयंकर!"

साहेब भराभर लिहू लागले. सरकार आता घरातली भांडणंही नोंदवून घेतंय, मला बरंच वाटलं.

"आणि तुम्ही?"

"मी काय, रोज मार खातोय."

"म्हणजे शिष्य," साहेब म्हणाले आणि तसं लिहिलं. मग अदबीनं वळले. "बाई, एखादा पवित्रा दाखवाल?"

"मला कामं पडलीत," असं म्हणून नाबेनं कमरेच्या एका हिसक्यात जात्याचा दगड उचलून बाजूला ठेवला, तोफूचं फडकं डुकरांच्या बादलीत पिळलं आणि टाचेनं डुकरांचं दार लोटलं.

साहेब थक्क! "चाळीस पंथ पाहिले, पण कमरेतला हा जोर कुठं नाही! याला काय म्हणता?"

"डुकरांची पेज," नाबे म्हणाली. तिला ती वेळेवर घालायची होती.

साहेबांनी तेही लिहिलं! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी धावलो. "साहेब, थांबा! जहाज! खलाशी! वाघ!"

"गुरूसमोर शिष्यानं वाघ सोडू नयेत," साहेब म्हणाले आणि वही मिटली.

नाहात फळी लागली. वर ठसठशीत 'नाबे, संस्थापिका'. खाली, लाकडाच्या गाठीजवळ, 'इरेई, शिष्य'. तामानाहानं ते मला तीनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या अकराही जणांनी नाबेपुढे मान लववली. तिनं त्यांना सोयाबीन दळायला बसवलं. दोन महिन्यांत त्यांचे दंड असे फुगले की सदऱ्यांच्या बाह्या उसवाव्या लागल्या!

पुढल्या वर्षी साहेब पुन्हा आले. मी पाय धरले.

"बरं, करू दुरुस्ती," ते म्हणाले. "संस्थापिकेच्या समक्ष एवढंच बोला, 'सुरुवात मी केली.'"

नाबे झारा घेऊन दारात उभी. "म्हणा की," ती गोड हसून म्हणाली.

एक वाक्य! ते बोललो की फळीवर नाव. पण ते बोललो की त्या सकाळचं भांडणही कायमचं माझ्या गळ्यात!

"हिनंच केली," मी म्हणालो.

आणि मंडळी, ते अक्षरशः खरं होतं. त्या सकाळी मी अवाक्षर काढलं नव्हतं. खाली मान घालून तोफू कापत होतो, तेवढ्यात हिनंच आपणहून...

"खोटं! साफ खोटं!" अर्धवट चिरलेलं कारलं हातात घेऊन नाबे आतून आली. "माझा तोफू मुख्य भूमीवरच्यासारखा लिबलिबीत झालाय, असं कोण म्हणालं होतं? सुरुवात तुम्हीच केली होती! चला, पाहुण्यांसमोर कबूल करा, आणि घेऊन टाका एकदाचं ते तुमचं संस्थापकपद!"