खांबेट्यांचे फ्रेंच

दुपारी साडेबाराला आमच्या ऑफिसच्या अकराव्या मजल्यावर गेलात, तर पाच फ्रेंच माणसं भिंतीला पाठ लावून, सगळे दात दाखवत उभी असलेली दिसत. समोर एक बुटका, जाड चष्म्याचा मराठी गृहस्थ मनगटावरच्या घड्याळाकडे बघत असे. "ट्वेंटी सेकंद्स! मस्यो बर्नार, खालचे दातपण!" अर्थात हे इंग्रजीत. तीस सेकंद झाले की मंडळींचे चेहरे मूळ पदावर यायचे, म्हणजे नुकतंच कोणीतरी गेल्यासारखे.

हे आमचे अरविंद खांबेटे. मूळ गाव सांगली, मुक्काम सिंगापूर, आणि जीव क्लीव्हलंडमध्ये.

गोष्ट दोन हजार तेरा-चौदाची. बँक फ्रेंच, ऑफिस तांजोंग पगारला. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या शाखेशी रोज व्हिडिओवर बोलायचं फर्मान निघालं, आणि महिन्याभरात तिकडून तक्रार आली की सिंगापूरची टीम फार नाराज दिसते. ती नाराज नव्हती, फ्रेंच होती. पण हे न्यूयॉर्कला कोण समजावणार? तेव्हा खांबेट्यांनी जेवणाच्या सुट्टीत या मंडळींना 'अमेरिकन' शिकवायचं काम आपण होऊन अंगावर घेतलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि थांबवायचं धाडसही कोणी केलं नाही.

त्यांचा अधिकार काय, तर वायटूकेच्या, म्हणजे दोन हजार साल उजाडताना झालेल्या कॉम्प्युटरच्या घबराटीच्या, धामधुमीत ते अकरा महिने क्लीव्हलंडला होते. लोक काशीला जाऊन येतात आणि एखादी भाजी सोडतात. खांबेट्यांनी तिथून येऊन 'ट'चा उच्चार सोडला. पाण्याला 'वॉडर' म्हणायचे. घराजवळच्या, तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, त्यांनी 'वॉडर' मागितलं की चहावाली आँटी वैतागायची. "व्हॉट यू वाँट, अंकल? फास्टर लाह, क्यू सो लाँग!" मग खांबेटे गुपचूप बाटलीकडे बोट दाखवायचे.

मी त्यांच्याच ब्लॉकमध्ये राहत असे. ते नवव्या मजल्यावर, एकटे. मी चौथ्यावर, बायको-मुलीसह. ऑफिसही एकच, मी तिथे आयटीत, त्यामुळे सकाळची मेट्रोही एकच. त्यांच्याकडे एक लोकरीचा ओव्हरकोट होता. दर जानेवारीत ते तो खिडकीबाहेर बांबूवर वाळत घालत. बत्तीस डिग्रीत नवव्या मजल्यावरून लोंबणारा तो कोट बघून खालच्या म्हाताऱ्या चिनी बायका माना वर करून काहीतरी पुटपुटायच्या. "जायचंय परत," खांबेटे म्हणत. "बोलावणं आलं की धावपळ नको." बोलावण्याची वाट बघून चौदा वर्षं झाली होती. ओळखीतल्या कोणीही त्यांना दुसरी कसलीच इच्छा व्यक्त करताना ऐकलं नव्हतं.

वर्ग मात्र बघण्यासारखा असे. ज्याच्या भाषेत इंग्रजी 'द'सारख्या उपपदाची भानगडच नाही असा माणूस, ज्यांच्या भाषेत ती जरुरीपेक्षा जास्त आहे अशांना, 'द' कुठे लावू नये ते शिकवत होता. दोन्ही पक्ष अंदाजाने चालत आणि अधूनमधून एकमेकांना धडकत. वाक्प्रचारांच्या तासाला तर कहर. अमेरिकनांचे निम्मे वाक्प्रचार बेसबॉलमधले. खांबेट्यांनी तो खेळ क्लीव्हलंडला एकदाच, तोही पावसाने थांबलेला, पाहिला होता. तेव्हा ते बेसबॉल क्रिकेटच्या आधाराने समजावत, आणि फ्रेंचांना क्रिकेटही ठाऊक नसल्याने क्रिकेट पुन्हा छत्री आणि संत्रं घेऊन समजावत. तासाच्या शेवटी मंडळींना एवढंच कळे की अमेरिकन लोक फळं वाया घालवतात.

पण त्यांचं खरं शास्त्र म्हणजे स्तुतीचा तक्ता. पांढऱ्या फळ्यावर डावीकडे फ्रेंच, उजवीकडे अमेरिकन. फ्रेंच 'वाईट नाही' बरोबर अमेरिकन 'ऑसम'. फ्रेंच 'ठीक आहे' बरोबर 'अमेझिंग'. फ्रेंच खांदे उडवणं याला तिकडे प्रतिशब्द नाही, म्हणून खांदे बंद. "आणि स्वतःबद्दल बोलताना," खांबेटे फळ्यावर डस्टर आपटत, "लाजायचं नाही! चार मिनिटं. सहा विशेषणं. 'आम्ही' म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं. अमेरिकन माणूस स्वतःचं कौतुक स्वतः करतो, दुसऱ्यावर ओझं टाकत नाही."

हे ऐकून सगळ्यात जास्त कळवळायची ती सोलांज. चाळिशीची, लियोंची, करारांचे कागद तपासणाऱ्या विभागातली. कोणी 'वीकेंड कसा गेला' विचारलं तर ती विचार करून खरं उत्तर देई, आणि विचारणारा सोमवारभर उदास राही. थँक्सगिव्हिंगचा धडा खांबेट्यांनी घरी घेतला. टर्की अर्थातच नाही, घर शाकाहारी. भोपळ्याच्या पायऐवजी भोपळ्याचे घारगे. प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते उभं राहून सांगायचं. सोलांज घारगा गिळून म्हणाली, "आय अ‍ॅम थँकफुल दॅट इट इज फिनिश." खांबेट्यांनी तिचं व्याकरण सुधारून घेतलं, वाक्य दोनदा म्हणवून घेतलं आणि टाळ्या वाजवल्या. अर्थाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

आणि मग न्यूयॉर्कला एक जागा निघाली. दोन्हीकडच्या टीमना जोडून ठेवणारा माणूस हवा होता. निवडीतून शेवटी दोन नावं उरली: खांबेटे आणि सोलांज. तिचा सिंगापूरचा करार संपत होता. ही जागा नाही मिळाली तर तिला लियोंला आईच्या घरी परतावं लागणार होतं. खांबेट्यांना ही जागा का हवी होती हे सांगायला नको. अख्खं ऑफिस आता वर्गाकडे डोळे लावून बसलं. मीही बसलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं हा माणूस आता तिला चुकीचं शिकवणार. मी पैजही लावायला तयार होतो. पण खांबेटे तिला जेवणाच्या सुट्टीशिवाय संध्याकाळीही थांबवून घ्यायला लागले. "मॅडम, स्माइल! मी! मी म्हणा!" रिकाम्या ऑफिसात आवाज घुमायचा.

मुलाखती व्हिडिओवर झाल्या. कनेक्शन सांभाळायला म्हणून मी कोपऱ्यात बसून होतो, त्यामुळे दोन्ही पाहिल्या. आधी सोलांज. ती हसली. खालच्या दातांसकट हसली. चार मिनिटं स्वतःबद्दल बोलली, विशेषणं मी मोजली, आठ होती. पडद्यावरच्या दोन्ही अमेरिकन बायका माना डोलवत होत्या.

मग खांबेटे. नवा टाय. "स्वतःबद्दल सांगा," तिकडून प्रश्न आला.

खांबेट्यांनी तोंड उघडलं. मिटलं. चष्मा सारखा केला. "वेल... नथिंग स्पेशल," ते म्हणाले. "आय जस्ट डू माय वर्क."

न्यूयॉर्कने विचारलं, तुमची मोठी कामगिरी कोणती? "दॅट वॉज टीम," खांबेटे म्हणाले. दुसरी एखादी? "दॅट ऑल्सो टीम." वर्षभर ज्याने परक्यांकडून फुशारकी घोटून घेतली, तो सांगलीच्या शाळेत उशिरा पोचल्यासारखा बसला होता. शेवटी एकीने दया येऊन विचारलं, तुम्ही काहीतरी वर्ग घेता म्हणे? आणि खांबेटे उजळले. अठरा मिनिटं बोलले. बर्नारचं बोलले, घारग्यांचं बोलले, आणि सगळ्यात जास्त सोलांजबद्दल बोलले. ती कशी होती, किती मेहनत केली, कशी एकही संध्याकाळ चुकवली नाही. "शी इज ऑसम," ते म्हणाले, आणि या वेळी तो शब्द फळ्यावरचा वाटला नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "पेठे, कसं झालं?"

"छान झालं."

"अमेरिकन छान, की आपलं छान?"

मी लिफ्टचं बटण दाबलं.

सोलांज न्यूयॉर्कला गेली. त्या संध्याकाळी आम्ही दोघं हॉकर सेंटरमध्ये चहा घेत बसलो होतो. मला राग आला होता, त्यांचा आणि का कोण जाणे माझाही. "अहो, स्वतःबद्दल चार शब्द बोलता आले नाहीत तुम्हाला?"

"आपलंच आपण कसं सांगायचं हो?" खांबेटे म्हणाले. "तोंड उघडलं की वाटायचं, आई मागे उभी राहून ऐकतेय."

"मग एवढं जायचं तरी कशाला होतं? काय आहे त्या क्लीव्हलंडमध्ये? बर्फ?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"तिथे ना, सकाळी बिल्डिंगचा दरवान विचारायचा, हाउ आर यू. मग कॉफीवाला. मग शेजारच्या टेबलावरची बाई. दिवसाला आठ-दहा जण. त्यांना उत्तर नको असतं, थांबतही नाहीत, हे मला कळतं. मी काय खुळा आहे? पण विचारायचे हो." मग म्हणाले, "इथे आपली माणसं भेटली की पहिलं विचारतात, पीआर झालं का, कायमचं राहायला मिळालं का. नंतर विचारतात, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा. झालं."

मी नऊ वर्षं त्यांच्याबरोबर एकाच गाडीने जात होतो. हे दोन्ही प्रश्न मी विचारले होते, पहिल्याच आठवड्यात. तिसरा कधी सुचला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोआ पायोहच्या फलाटावर मी म्हटलं, "खांबेटे, कसे आहात?"

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "फाइन," ते म्हणाले, आणि पेपर उघडला. नोव्हिना स्टेशन गेलं. न्यूटनला त्यांनी पेपर घडी केला. "तसा गुडघा दुखतो थोडा," ते म्हणाले. "डावा." ऑर्चर्डपर्यंत गुडघा चालला. मग बहीण आली, सांगलीची, तिचा फोन हल्ली येत नाही. मग झोप. मग चार वर्षांपूर्वी झालेलं एक ऑपरेशन, ज्याला ते एकटेच टॅक्सीने गेले होते आणि एकटेच परत आले होते, आणि ज्याचा मला पत्ताही नव्हता. रॅफल्स प्लेसला गाडी बदलली तीसुद्धा त्यांनी बोलता बोलताच. तांजोंग पगारला, आमच्या ऑफिसच्या स्टेशनवर, दारं उघडली, बरीच माणसं उतरली, दारं मिटली. त्यांच्या लक्षात आलं नाही.

माझ्या आलं होतं. नऊची मीटिंग माझीच होती. "मग पुढे?" मी विचारलं.