काशीअण्णा आणि हवेतलं गोदाम

काशीअण्णा दर अमावास्येला मोबाइल झाडतात.

झाडतात हा शब्द त्यांचाच. बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरला त्यांचं गोदाम आहे. अमावास्येला आमच्याकडे अडतीचा बाजार बंद असतो. हमाल येत नाहीत, काटा धुऊन त्याला हळदकुंकू वाहतात आणि गोदामाचा कोपरा न् कोपरा झाडून घेतात. ते झालं की अण्णा दारातल्या खुर्चीवर बसतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि अंगठ्यानं मोबाइल झाडायला घेतात. फोटो, व्हिडिओ, मेल, वाढदिवसाच्या शुभेच्छा, मयताच्या बातम्या, सगळ्यांना एकच न्याय. दिवस मावळेपर्यंत मोबाइल दुकानातून आणला तेव्हासारखा कोरा होतो. सख्ख्या पुतणीच्या लग्नाचे फोटो त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच अमावास्येला काढून टाकले. पुतणी रुसून बसली, तर तिला म्हणाले, "लगीन झालं न्हवं? जेवण जिरलं न्हवं? मंग फोटू कामून ठेवायचे?"

हे अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे, सुमनचे, थोरले भाऊ. सुमन गेल्या साली गेली. त्यानंतर सासुरवाडीशी माझा संबंध उरला तो मुख्यतः अण्णांच्या फोनपुरता, आणि त्या फोनमध्ये विषय बहुधा एकच असतो: इंटरनेटवर जागा भाड्यानं घेणारे लोक किती मूर्ख असतात. मी त्या मूर्खांपैकी एक असल्यामुळे त्यांना उदाहरण शोधत लांब जावं लागत नाही.

अण्णांचा राग समजून घ्यायचा तर आधी त्यांचा धंदा समजून घ्यायला हवा. आसपासचे शेतकरी तूर, सोयाबीन आणून त्यांच्याकडे ठेवतात आणि भाव चढेपर्यंत पोत्यामागे भाडं देतात. अण्णांचं तत्त्व असं की ज्याचा माल आहे त्याला कधीही येऊन स्वतःच्या पोत्यावर हात ठेवता आला पाहिजे. कितीतरी शेतकरी नुसतं तेवढ्यासाठी येतात. येतात, पोत्यावर हात ठेवतात, चहा पितात आणि जातात. अण्णांना ते रास्त वाटतं. ज्या मालावर हात ठेवता येत नाही त्याचं भाडं कुणी महिन्याच्या महिन्याला मागावं आणि शिकलेल्या माणसांनी ते मुकाट द्यावं, हे मात्र त्यांच्या समजुतीबाहेरचं आहे. "माल दाखवा, किराया घ्या," हे त्यांचं पालुपद. समोरच्यानं वाद घातला की ते आवाज खाली आणून तेच पुन्हा म्हणतात, जणू पहिल्या वेळी त्याला ऐकूच आलं नव्हतं.

एकदा त्यांनी थेट कंपनीलाच गाठायचं ठरवलं. अमावास्या आठवड्यावर होती आणि त्यांच्या मोबाइलवर जागा भरत आल्याची लाल सूचना आली होती. त्यांनी मराठीत प्रश्न सांगितले आणि मी ते एकही न गाळता इंग्रजीत लिहून दिले. गोदाम नेमकं कुठल्या गावी आहे? छत पत्र्याचं की स्लॅबचं? पावसाळ्यात ओल येते का? उंदरांचा काय बंदोबस्त केला आहे? आग लागली तर जिम्मेदारी कुणाची? माल परत देताना तूट किती धरता? उत्तर पापणी लवायच्या आत आलं. आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं वर लिहिलं होतं आणि खाली जास्तीची जागा घेतल्यास पहिल्या वर्षी मिळणारी सवलत. अण्णा म्हणाले, "मी उंदराचं इचारलं, हे सवलत सांगायलेत." त्या दिवशी ते फार खुशीत होते. आपला शत्रू आपल्याला वाटतो तसाच निघाला की माणसाला बरं वाटतं.

राजेश्वर गावी नात्यातलं लग्न होतं. नवरा मुलगा हैदराबादला कंप्यूटरच्या कंपनीत. पंगतीत अण्णा नेमके त्याच्या शेजारी बसले आणि दुसऱ्या वाढपाच्या आत त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की तो जागेचं भाडं भरतो, आणि वर मेलसाठीही वेगळे पैसे भरतो. मेलसाठी कशाला, तर त्यात जाहिराती दिसू नयेत म्हणून. अण्णांनी घास खाली ठेवला. त्यांच्या गोदामाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर सिमेंटची जाहिरात रंगवलेली आहे आणि सिमेंटवाला त्याबद्दल त्यांना दरसाल पैसे देतो. जाहिरात बघायची असो की न बघायची असो, पैसे बघणाऱ्यानंच द्यायचे, हा उफराटा हिशेब त्यांना पचेना. हात धुताना ते मुलीच्या बापाला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पण हवेला किराया देतोय. ध्यान असू द्या."

मी हे सगळं हसत सांगतो आहे खरा, पण अण्णांची तुच्छता अंगावर घ्यावी लागणं ही हसण्याची गोष्ट नव्हे. माझी नोकरी बिदरच्या कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. वस्तू जपून ठेवायला जागा लागते, जागेला पैसे लागतात, आणि जे जपलं त्यातलं बहुतेक कुणी मागायला येत नाही, एवढं मला त्या नोकरीनं शिकवलं. सुमन गेल्यावर मी माझ्या आणि तिच्या अशा दोन्ही खात्यांचं भाडं भरू लागलो. तिचे फोटो होते. बेंगळुरूला असलेल्या मुलाला तिनं बोलून पाठवलेले निरोप होते. जेवलास का, तिकडं पाऊस आहे का, एवढंच. पण आवाज तिचा. ते राहावं म्हणून मी पैसे भरत होतो. हे अण्णांना सांगितलं, ती चूक झाली.

त्यानंतर बिदरला, मैलूर भागातल्या माझ्या घरी आले की चपला काढता काढताच त्यांचं सुरू होई. "भरला का दाजी, औंदाचा किराया?" मग कंपन्यांची लबाडी. पहिल्या साली फुकट ठेवा म्हणतेत, सगळा माल आत गेला की किल्ली फिरवतेत. यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागे. त्यांचं म्हणणं होतं की सुमनचं सगळं मी एखाद्या डबीत उतरवून घ्यावं आणि ती डबी त्यांच्या गोदामात ठेवावी. कोरडी जागा, राखणदार गावातला, किराया काही नाही. बहिणीच्या मालाचा किराया कोण घेतो?

शेवटी कंटाळून मी मान डोलावली. मुलगा सुटीवर आला तेव्हा त्यानं माझ्या खात्यातलं सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवून दिलं. सुमनच्या खात्याला हात लावायचं माझ्यानं झालं नाही. ते नंतर बघू म्हटलं. माझं खातं मी रिकामं करून बंद केलं. अण्णा डिस्क न्यायला स्वतः आले. स्टीलच्या डब्यात ठेवून, डबा उपरण्यात बांधून, मांडीवर घेऊन ते भालकीवरून बसनं हुलसूरला गेले.

गोदामातली सगळ्यात सुरक्षित जागा अण्णांच्या मते एकच: तुरीच्या थप्पीच्या पोटात. तुरीला भुंगा लागू नये म्हणून थप्पीवर ताडपत्री अंथरतात, आत धुरीच्या गोळ्या ठेवतात आणि ताडपत्रीच्या कडा वाळूनं दाबून टाकतात. गोळ्यांचा विषारी वायू आठवडाभर आत कोंडलेला असतो. त्यात किडा जगत नाही. अण्णांनी डबा मुद्दाम तिथं ठेवला, माझ्या मालाला काही होऊ नये म्हणून. आणि दर हंगामात ठेवतात त्याहून दोन गोळ्या जास्त ठेवल्या.

डिस्क परत आणली तेव्हा ती चालू होईना. बिदरच्या दुरुस्तीवाल्यानं ती उघडून मला आत दाखवलं. तांब्याचा भाग काळा पडून गेला होता. हा वायू तांबं खातो म्हणे. माझ्याकडची सुमन, आमच्या बिदरच्या पहिल्या घरातली, मुलाला कडेवर घेतलेली, किल्ल्यात ऊन लागतं म्हणून डोळे बारीक केलेली, सगळी त्यात गेली. मी अण्णांना फोन केला. काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "कीड लागली का त्याला?"

नाही म्हटलं.

"लागणार न्हाई. गोळ्या चांगल्या होत्या."

पुढचा महिनाभर मी त्यांचा फोन उचलला नाही. एवढ्या मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला आपल्याशी कुणी बोलत नाही हे कळतं का, याची मला शंका आहे. त्यांचे फोन येत राहिले.

आता उरलं ते सुमनचं खातं. आणि तेवढ्यात त्याचीही सूचना आली: घेतलेली जागा भरली आहे, मोठी जागा घ्या, नाही तर नवीन मेल स्वीकारले जाणार नाहीत. मला नवल वाटलं. सुमन गेलेली, आणि तिची जागा भरतेय कशानं? पैसे वाढवण्याआधी काय काय काढून टाकता येईल ते बघावं म्हणून मी तिचं खातं कंप्यूटरवर उघडलं आणि सगळ्यात जड मेल वर येतील असं लावलं. एकामागून एक व्हिडिओ आले. सगळ्यांवर पाठवणाऱ्याचं नाव एकच. काशिनाथ बिरादार, हुलसूर.

तुरीला फुलं आली, त्याचा व्हिडिओ. म्हैस व्याली, तिचा. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सणाला, रानात घातलेली कडब्याची कोप, आतली पूजा, आंबिलीचं मडकं, जेवायला बसलेली माणसं, आणि मागून अण्णांचा आवाज, हलू नका रे, सुमीला पाठवायलोय. पुतणीचं अख्खं लग्न. अमावास्येला मोबाइल झाडायच्या आधी हा माणूस सगळा माल बहिणीच्या दारात नेऊन टाकत होता, वर्षानुवर्षं, आणि ती गेल्यापासून त्याचं भाडं मी भरत होतो, आणि भरतो म्हणून त्याच्याच शिव्या खात होतो. सुमनला हे अर्थातच ठाऊक होतं. कधीकधी स्वयंपाकघरात मोबाइल हातात धरून ती एकटीच हसत उभी असे. मी कधी विचारलं नाही.

मी अण्णांना फोन करून बोलावून घेतलं. खरं सांगायचं तर, बऱ्याच महिन्यांनी मला उत्साह वाटला. त्यांना खुर्चीवर बसवलं, पडदा त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, "अण्णा, माल बघा. आता कुणाचा किराया कुणी भरायचा ते तुम्हीच सांगा." ते वाकून बघत राहिले. त्यांच्याच शेतातली तूर त्यांच्यासमोर वाऱ्यानं हलत होती. मी तयार ठेवलेलं बाकीचं बोलणंही बोलून घेतलं: यातलं निम्मं काढून टाकू, म्हणजे मोठ्या जागेची गरजच उरणार नाही, फोटो आणि आवाज तेवढे ठेवू.

अण्णांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी विचारलं, "भरल्यावर काय होतंय?"

"नवीन मेल घेत नाही."

"मंग पाठवलेला कुठं जातोय?"

"कुठंच नाही. पाठवणाऱ्याकडे परत येतो."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बघितला, परत ठेवला. मग म्हणाले, "मोठी जागा घ्या. सालाची घ्या, महिन्याची नको. पैशे मी देतो."

मला वाटलं ते चेष्टा करत आहेत. चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. मी पैसे भरले. सूचना गेली. अण्णा अजून पडद्याकडेच बघत होते. ताजं काय आहे ते दाखवा, म्हणाले. मी मेल तारखेप्रमाणे लावले, तशी त्यांच्या नावाच्या ओळींची नवी रांग वर आली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची. तारखा बघितल्या तर मृगाची, पेरणीची, पोळ्याची, आणि मागच्या आठवड्यातली.

"ही वरची अक्षरं जाड कामून हायत?" अण्णांनी विचारलं.

"उघडलेली नाहीत म्हणून."

ते मान हलवत राहिले. काय पाठवलंय ते बघावं म्हणून मी सगळ्यात वरच्या ओळीवर बाण नेला. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"तुमी नका उघडू, दाजी," ते म्हणाले. "तिची हायत ती."

मी हात बाजूला घेतला. अण्णांनी खुर्ची पुढे ओढली आणि बोट पडद्याजवळ धरून ते एकेक ओळ पाहत खाली येऊ लागले. तिथं वाचण्यासारखं काही नव्हतं. विषयाच्या जागी त्यांनी कधी काही लिहिलेलंच नव्हतं.