उघड्या डोळ्यांचा फोटो

पुरुषोत्तमराव गेले त्याच्या नवव्या दिवशी घरात लक्षात आलं की त्यांचा एकही धड फोटो नाही.

म्हणजे फोटो होते. मुलाच्या, म्हणजे निहारच्या लॅपटॉपवर चार हजार होते, कपाटात तीन अल्बम होते, शिवाय आधार कार्ड, पॅन कार्ड आणि पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचं ओळखपत्र ही मंडळी वेगळीच. पण पुरुषोत्तमरावांना एक खोड होती. कॅमेरा समोर आला की त्यांचे डोळे मिटायचे. 'एक, दोन, तीन' म्हणा किंवा न सांगता टिपा, नेमक्या क्षणाला पापणी खाली. लग्नाच्या अल्बममध्ये ते मिटल्या डोळ्यांनी श्यामलाबाईंच्या गळ्यात हार घालत होते, निहारच्या बारशाला मिटल्या डोळ्यांनी पेढे वाटत होते आणि निवृत्तीच्या समारंभात मिटल्या डोळ्यांनी शाल स्वीकारत होते. आधार कार्डावर एक डोळा अर्धा उघडा होता, पण त्यापेक्षा तो मिटलेला बरा होता.

परसूअण्णा, म्हणजे पुरुषोत्तमरावांचे थोरले भाऊ, दुसऱ्याच दिवशी निपाणीहून येऊन दाखल झाले होते आणि तेव्हापासून दासरहळ्ळीतल्या त्या फ्लॅटचा सगळा कारभार त्यांच्या हाती गेला होता. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तासभर फोटो बघितले आणि शेवटी लॅपटॉप बाजूला सारला.

"अरं, ह्या सगळ्यात त्यो गेलेलाच दिसतोय की रं!"

बोलून गेल्यावर अण्णांनाही कळलं, पण आता काय उपयोग? श्यामलाबाईंना राग आला नाही, कारण ते खरंच होतं. चार दिवसांनी तेरावा होता. भिंतीवर एक फोटो लागणार, त्याला हार पडणार आणि पुढे जितकी वर्षं नशिबात असतील तितकी वर्षं त्याच्याकडे बघत त्यांना सकाळचा चहा ठेवायचा होता. अडतीस वर्षं ज्यांचं तोंड बघितलं त्यांचे डोळे आता भिंतीवरही मिटलेलेच बघायचे, हे त्यांना मान्य नव्हतं. नऊ दिवसांत त्या धड रडल्याही नव्हत्या.

"डोळे उघडे असलेला एक तरी शोधा," त्या म्हणाल्या. "बाकी मला काही नको."

तेव्हा मुग्धा, त्यांची पुण्याची सून, इतका वेळ दाबून ठेवलेली गोष्ट बोलली. "आई, एक आहे. तुम्हीच काढलेला. पण तो... क्योटोचा आहे."

तिनं मोबाइल पुढे केला. फोटोत पुरुषोत्तमराव गडद निळा जपानी किमोनो घालून उभे होते. मागे कागदी छत्री, बाजूला बुटकं झाड आणि डोळे टक्क उघडे. कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखा चेहरा. इतके जिवंत ते प्रत्यक्षातही क्वचितच दिसायचे.

गेल्या एप्रिलमध्ये निहारनं दोघांना जपानला पाठवलं होतं. पुरुषोत्तमरावांना वेळेआधी तयार राहण्याचा आजारच होता. रात्री नऊची बेळगावची गाडी असली तर पाचला बूट घालून दाराशी बसायचे. जपानच्या बॅगा तर आठ दिवस आधीच भरून ठेवलेल्या, त्यामुळे आठ दिवस घरात दाढीचं सामान सापडत नव्हतं. तिथं प्रवाशांसाठी सगळं हातानं करून बघायची सोय होती. एका दुकानात किमोनो नेसवायचे, मग गुडघ्यांवर बसवून हिरवा चहा घुसळायला द्यायचे. किमोनो हातात आला तशी एक मुलगी नेसवायला पुढे झाली. पुरुषोत्तमरावांनी तिला हातानंच थांबवलं. "चाळीस वर्षं पंचा गुंडाळतोय मी. मला काय शिकवता?" आणि आंघोळीनंतर पंचा गुंडाळतात तसा उजवा पदर डाव्यावर ओढून, कमरेला पट्टा आवळून ते ऐटीत उभे राहिले. श्यामलाबाईंना हसू आवरेना. त्यांनी मोबाइल रोखला आणि तेवढ्यात ती मुलगी दोन्ही हात हलवत, "नो! नो! नो!" करत धावत आली. दचकून पुरुषोत्तमरावांचे डोळे उघडे राहिले आणि फोटो निघाला. पुढच्या मिनिटाला दुकानातल्या दोघींनी मिळून त्यांना सोडवून पुन्हा नीट नेसवलं. त्यानंतरचे चाळीस फोटो व्यवस्थित होते. सगळ्यांत डोळे मिटलेले.

"हाच लावायचा," श्यामलाबाई म्हणाल्या.

"ह्यो?" अण्णा उडालेच. "गाऊन घालून? तेराव्याला निपाणीची माणसं येणार, कारखान्याची येणार. लोक काय म्हणतील?"

"आणि ओगावासान पण येणार आहेत," निहार म्हणाला. ओगावासान म्हणजे जपानी कंपनीकडून पीण्याच्या कारखान्यात आलेले इंजिनिअर. बाबांबरोबर त्यांनी आठ वर्षं काम केलं होतं.

"घ्या! जपानी माणूस येणार आणि आपण त्याच्याच देशाचा गाऊन घालून आपलं माणूस भिंतीवर टांगणार! चेष्टा केली म्हणंल की. ते काही न्हाई. चिकपेटेत माझ्या वळखीचा मंजुनाथ फोटोवाला हाय. तोंड तेच ठेवून खाली सूट चढवून देतोय. कुणाला पत्ता लागायचा न्हाई."

डोळे तर उघडे राहतील, एवढंच श्यामलाबाईंनी मनाशी म्हटलं.

निहार मेट्रोनं चिकपेटेत गेला. गेलेल्या लोकांना घालायला मंजुनाथकडे दोनशे तयार अंगं होती. सफारी, जोधपुरी, काळा कोट, वकिली कोट. निहारनं साधा राखाडी सूट निवडला. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. सूट झकास होता, पण मंजुनाथनं आपल्या मनानं डोळेही सुधारले होते. "कण्णु फार मोठे होते सर," तो फोनवर कानडीमिश्रित मराठीत म्हणाला. "घाबरल्यासारखे. म्हणून स्वल्प लहान केले. आता शांत दिसतात."

शांत दिसत होतेच. जवळजवळ मिटलेलेच होते.

दुसऱ्या वेळी डोळे जागेवर आले, पण मान गेली. मान कुणा पंचवीस वर्षांच्या पैलवानाची होती. श्यामलाबाई फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा माणूस माझ्या ओळखीचा नाही."

"स्वल्प अ‍ॅडजस्ट करतो मॅडम. सरी, ठीक आहे. उद्या फ्रेमच पाठवतो, बघायचं कामच नाही."

आणि त्यानं खरंच कुणाला बघू दिलं नाही. फ्रेम आली ती तेराव्याच्या सकाळी, गुरुजी येऊन बसल्यावर, खाकी कागदात गुंडाळून. अण्णांनी घाईघाईनं कागद फाडला, फ्रेम पाटावर ठेवली, कुंकू लावलं. पुरुषोत्तमराव छान दिसत होते. डोळे उघडे, मान बरी, राखाडीऐवजी काळा कोट. शेजारच्या शिवलीला अक्का नमस्काराला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"श्यामलक्का," त्या हळूच म्हणाल्या, "हे हात कुणाचं?"

सगळे वाकले. पुरुषोत्तमरावांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं होती. नाजूक, नखांपर्यंत मेंदी आणि मागे हिरव्या चुड्याची कड. मंजुनाथनं कुठल्यातरी नवरदेवाचं अंग काढलं होतं, नवरी पुसली होती, पण तिचा हात सुटायला तयार नव्हता.

गुरुजींनी मंत्र थांबवला. अण्णांचं तोंड पांढरं पडलं. श्यामलाबाईंना क्षणभर वाटलं, आता रडू फुटेल, पण तेही आलं नाही. अडतीस वर्षांत ज्या माणसानं परक्या बाईकडे मान वर करून बघितलं नाही, त्याला आज तेराव्याला खांद्यावर हात आला होता.

"काढा ते," त्या म्हणाल्या. "मुग्धा, तुझ्याकडे आहे ना?"

मुग्धाकडे होता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तिनं परवाच क्योटोचा फोटो मोठा करून आणला होता, कुणाला न सांगता. निहारचं 'उत्कृष्ट कर्मचारी' प्रमाणपत्र काढून त्याच्या फ्रेममध्ये तो बसवला. अण्णांना आता नाही म्हणायला तोंड नव्हतं, पण हार मानणारा माणूस तो नव्हे. "हार आणा," त्यांनी फर्मावलं. "मोठे आणा. गळ्यापासून खाली काही दिसता कामा न्हाई." एकावर एक पाच हार चढले. झेंडूच्या ढिगाऱ्यातून पुरुषोत्तमरावांचं फक्त तोंड बाहेर राहिलं.

साडेअकराला ओगावासान आले. काळा सूट, काळा टाय, घामानं चिंब. पाटासमोर त्यांनी गुडघे टेकले, उदबत्ती लावली आणि जमिनीला कपाळ लागेपर्यंत वाकले. किती वेळ वाकले होते कोण जाणे. वर येताना त्यांचा खांदा हाराला लागला, आधीच पुढे कललेली फ्रेम सुटली आणि ओगावासाननी ती दोन्ही हातांनी अलगद झेलली. पाचही हार घरंगळून त्यांच्या मांडीवर पडले.

त्यांनी फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. फोटो जवळ नेला, पुन्हा लांब धरला. मग इंग्रजीत, एकेक शब्द चाचपत त्यांनी विचारलं, "हे त्यांना कुणी नेसवलं?"

"त्यांनी स्वतःच," निहार म्हणाला. "काही चुकलं का?"

ओगावासाननी स्वतःच्या कोटाच्या दोन बाजू धरून दाखवलं. डावी वर, म्हणजे जिवंत माणूस. उजवी वर, म्हणजे...

त्यांनी कोट सोडून दिला. "आमच्याकडे उजवी बाजू वर एकदाच येते. शेवटच्या प्रवासाला निघताना. घरचे लोक नेसवतात."

निहारनं हे मराठीत सांगितलं.

"म्हणजे मढ्याचं!" अण्णा ओरडले. "अरं, म्हणूनच! धडधाकट माणूस, चहाचा कप हातात असताना जातोय कसा? जित्या माणसानं मढ्याचं नेसलं, आणि बाकीच्यांनी दात काढत फोटो काढला!"

बाकीच्यांनी म्हणजे कुणी, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांच्या नजरा श्यामलाबाईंकडे वळल्या आणि लगेच जमिनीकडे गेल्या. श्यामलाबाई हसल्या होत्या. ती मुलगी जिवाच्या आकांतानं धावत येत होती आणि त्या मोबाइल धरून हसत होत्या. आता हा फोटो रोज सकाळी बघायचा? बघवेल?

"हे काय म्हणाले?" ओगावासाननी विचारलं. निहार सांगेना. पण अण्णांचा रोख कुणाकडे होता ते त्यांनी बघितलं होतं.

"हा फोटो कधीचा?"

"एप्रिलचा."

"आणि ते गेले जानेवारीत." ओगावासाननी बोटांवर महिने मोजले. नऊ. मग त्यांनी फ्रेम पाटावर सरळ ठेवली आणि श्यामलाबाईंकडे वळून मान लववली. "मॅडम, आठ वर्षं आम्ही एकत्र काम केलं. पुरुषोत्तमसाननी एकदाही उशीर केला नाही. निघायची तारीख लांब असली तरी त्यांचा माल नेहमी आधीच बांधून तयार असायचा. मी सांगायचो, एवढी घाई कशाला? ते ऐकायचे नाहीत."

निहारनं सांगितलं. श्यामलाबाई ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे दाराशी बूट घालून बसलेला माणूस आला. गाडी नऊची, वाजलेत पाच, चहा नको, उशीर होईल. आठ दिवस आधी बॅगेत गेलेलं दाढीचं सामान आठवलं. शेवटच्या प्रवासाची तयारी तर नऊ महिने आधी! आणि त्यांना हसू फुटलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा, भर तेराव्याला, गुरुजींच्या समोर त्या पदर तोंडात कोंबून हसल्या, आणि हसता हसताच तेरा दिवस तुंबलेलं सगळं रडणं एकदम बाहेर आलं. मुग्धानं त्यांना धरलं. शिवलीला अक्काही रडायला लागल्या. ओगावासान तसेच गुडघ्यांवर बसून होते. बहुधा पाय बधिर झाले असावेत.

फोटो तिथंच राहिला. हार एकच घातला, बारीक. निपाणीची मंडळी साडेबाराला आली, तेव्हा दारातच अण्णांचा आवाज ऐकू आला. "ह्यो जपानी पोशाख हाय. उजवा पदर वर का? मुद्दाम. त्यांच्यात गेलेल्या माणसाला असंच लागतंय. डाव्या पदराचा फोटो लावतात ती अडाणी माणसं. आम्ही सगळी चौकशी करूनच केलं."

पानं वाढायला घेतली तशी खोली रिकामी झाली. श्यामलाबाई एकट्याच फोटोसमोर बसल्या. डोळे पुसले, नाक पुसलं, आणि अडतीस वर्षांच्या सवयीनं बोलायला लागल्या.

"ती पोरगी जीव तोडून सांगत होती, नो नो नो म्हणून. एकदा, आयुष्यात एकदा तरी ऐकायचं होतं कुणाचं."

पुरुषोत्तमराव टक्क डोळे उघडे ठेवून ऐकत होते.