पैलं इंडेक्स, मग मॅटर

आमच्या शेजारचे सुभेदार आबा पुतण्याच्या लग्नात आशीर्वाद द्यायला उभे राहिले, तेव्हा सगळा मांडव हातात अक्षता घेऊन ताटकळला होता. आबांनी खिशातून कागद काढला, चष्मा चढवला आणि माईकमध्ये म्हणाले, "भाषणाची अनुक्रमणिका. एक, पाव्हण्यांचं स्वागत. दोन, नवरदेवाचं गुण. तीन, नवरदेवाचं अवगुण. चार, नवरीला सूचना. त्या तीन नंबरवर अवलंबून हायत." नवरीकडची मंडळी एकदम सावरून बसली. तीन नंबर यायच्या आत भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. त्या पोरीला अपुऱ्या माहितीवर संसार करावा लागतोय, असं आबा आजही म्हणतात.

आबांनी फौजेत उभी हयात कारकुनी केली. तिथून पेन्शन, पत्र्याची ट्रंक आणि "पैलं इंडेक्स, मग मॅटर" हे ब्रीदवाक्य घेऊन ते गावी आले. कपाटाच्या दारावर आतल्या वस्तूंची यादी, गोठ्याच्या दारावर जनावरांची. भांडणसुद्धा त्याच शिस्तीत. माझ्या कोंबड्या त्यांच्या मेथीच्या वाफ्यात शिरल्या, की आबा कुंपणापाशी येऊन जाहीर करायचे, "माजं भांडाण तीन भागांत हाय. एक, कोंबड्या. दोन, तू. तीन, तुजं वडील. त्यास्नी बी कोंबड्या आवरत नव्हत्या." मी पहिल्याच भागात माफी मागितली तरी उरलेले दोन ऐकावेच लागत. शेवटी त्यांची बायको, हिराक्का, आतून ओरडायची, "आवं, तिसरा भाग उद्याच्याला ठेवा, भाकरी गार झाली!"

माझा तेव्हा कराडला कॉम्प्युटर क्लास होता. नव्याण्णव साली हौसेपोटी मी गावाची वेबसाइट काढली. गावची माणसं फौजेत, मुंबईत, आखातात पांगलेली. त्यांच्यासाठी दर आठवड्याला लांबलचक मजकूर टाकायचो. त्यात जत्रा, ऊस, शर्यती, बारशी आणि कोण गेलं तेही असायचं. आबांचा एकुलता एक मुलगा विलास मस्कतला होता. त्याच्या राहत्या जागी फोन नव्हता. शुक्रवारी सुट्टीला इंटरनेट कॅफेत जाऊन तो गावची खबर वाचायचा. तिकडे मराठी अक्षरं उमटावीत म्हणून मी त्याच्या बॅगेत फॉन्टची फ्लॉपी घातली होती. आबांनी तिच्यावरही अनुक्रमणिका चिकटवली होती, "एक, अक्षरं."

पहिला मजकूर बघायला आबा क्लासात आले आणि पडद्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"इंडेक्स कुटाय?"

"आबा, वरून खाली वाचत जायचं की."

"आन तवर मानसानं काय जीव मुठीत धरून बसायचं? वर यादी टाक. नावावर दाबलं की थेट तितं गेला पायजे."

मी तीन दिवस खपलो. चौथ्या दिवशी आबांनी ऐटीत 'बैलगाडी शर्यत'वर दाबलं आणि थेट 'दुःखद निधन'मध्ये जाऊन पोचले. 'बारसं'वर दाबलं तर ऊसतोड. "ह्यो तुजा कॉम्प्युटर फौजेत असता," आबा थंडपणे म्हणाले, "तर आमी आमच्याच कँटीनवर हल्ला केला असता." मी सगळं पुन्हा जुळवलं, पण डोकं तापलंच होतं. संध्याकाळी हिराक्कांकडे जाऊन तक्रार केली.

अक्का हसल्या. "माज्यामुळं लागलीया त्यास्नी ती खोड."

लढाईच्या साली आबा सीमेवर होते. अक्कांना वाचता येत नसे. पत्र पोस्टमन वाचून दाखवायचा. आधी थोरांना नमस्कार, मग लहानांना आशीर्वाद, मग पाऊसपाणी, मग म्हैस. "त्यो म्हशीपतूर आला की मनात यायचं, म्हशीच्या फुडं काय लिवलं असंल? हात गेला का पाय? शेवटाला त्याची सायकल दिसली की मी शाळूच्या रानात पळायची. ऐकलंच न्हाई तर वाईट हुयाचंच न्हाई, असं वाटायचं."

रजेवर आल्यावर आबांना हे कळलं. पुढच्या पत्राच्या माथ्यावर यादी होती. एक, मी धडधाकट आहे. दोन, नमस्कार. तीन, म्हैस.

"पोस्टमननं एक नंबर वाचला की मी भाकरी थापाय उठायची," अक्का म्हणाल्या. "बाकीचं त्यो एकलाच वाचत बसायचा."

त्यानंतर यादीबद्दल मी कधी कुरकुर केली नाही.

दिवाळी झाली आणि अक्कांच्या पोटात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन ठरलं, गुरुवारी. विलासला रजा मिळेना. शुक्रवारी सकाळी तो कॅफेत जाऊन वेबसाइट उघडणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बुधवारी आबा वेबसाइटवर टाकायच्या मजकुराची यादी घेऊन आले. दोन, ऑपरेशन कसं झालं. तीन, डॉक्टर कसे आहेत. चार, विलासनं वेळेवर जेवावं. एक नंबरपुढं काहीच नव्हतं.

"आबा, पहिली ओळ राहिली."

"मोकळी ठेव," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "उद्या मिरजंहून फोन करतो. तितं काय लिवायचं, मला ठावं न्हाई गड्या."

गुरुवारी मी क्लासला सुट्टी दिली आणि दिवसभर त्या मोकळ्या ओळीसमोर बसलो. मला भीती वाटत होती. चार वाजता फोन वाजला. पलीकडे रहदारीचा आवाज, आणि आबांचा श्वास.

"लिही. एक." त्यांनी नाक शिंकरलं. "एक, आई बरी हाय. बोलली."

मी लिहिलं. "आता दोन नंबर सांगा, आबा. डॉक्टर काय म्हणाले?"

"ते ऐकलंच न्हाई मी. डॉक्टर भाईर येताना दिसलं आन मी पळालो रं. पार स्टेशनापतूर." आबा रडत होते, आणि रडता रडता हसतही होते. "दवाखान्यातली मावशी मागनं धावत आली. लांबूनच वरडली, 'आजी बऱ्या हायत, बोलल्या!' लय शानी बाई, गड्या. पैलं इंडेक्स दिलं तिनं."